सील, नमुना आणि इन्साफ : फॉरेन्सिक लॅबमध्ये नेमके काय चालते?

जुलै २०२५ मध्ये दहा दिवसांच्या अंतराने दोन निकाल लागले आणि दोन्ही निकालांनी आपला समाज ढवळून निघाला. २१ जुलैला मुंबई उच्च न्यायालयाने ११ जुलै २००६ च्या लोकल ट्रेन बॉम्बस्फोट खटल्यातल्या १२ जणांना निर्दोष ठरवले. खालच्या कोर्टाने २०१५ मध्ये त्यांतल्या पाच जणांना फाशी आणि सात जणांना जन्मठेप सुनावली होती. एकाचा तर तोपर्यंत तुरुंगवासातच मृत्यू झाला होता. मग ३१ जुलैला मुंबईच्या विशेष एनआयए न्यायालयाने मालेगावच्या भिक्कू चौकात २९ सप्टेंबर २००८ रोजी झालेल्या स्फोटाच्या खटल्यात सातही आरोपींची सुटका केली.

पहिल्या निकालानंतर नाशिक-मालेगावच्या घराघरांत लोक म्हणाले, एकोणीस वर्षांनी का होईना, इन्साफ झाला. दुसऱ्या निकालानंतर तेच लोक म्हणाले, म्हणजे आमच्या सहा मरहूमांना कुणी मारलेच नाही? दोन्ही भावना खऱ्या आहेत. आणि लोकल स्फोटात १८० हून अधिक प्रवासी गेले, त्यांच्या घरच्यांच्या मनातही अगदी हाच प्रश्न आहे, हे आपण विसरता कामा नये.

पण या दोन निकालांत न्यायालयांनी काय म्हटले ते शांतपणे पाहिले, तर एक गोष्ट ठळकपणे दिसते. दोन्हीकडे पुरावा एकाच ठिकाणी ढासळला आहे. ते ठिकाण म्हणजे घटनास्थळ ते फॉरेन्सिक लॅब हा रस्ता.

लोकल स्फोटाच्या खटल्यात उच्च न्यायालयाने म्हटले की जप्त केलेली स्फोटके आणि इतर वस्तू लॅबमध्ये पोहोचेपर्यंत नीट सीलबंद आणि सुरक्षित ताब्यात होत्या, हे सरकार पक्षाला सिद्ध करता आले नाही. कोणत्या प्रकारचा बॉम्ब वापरला हेसुद्धा रेकॉर्डवर आले नाही. (राज्य सरकार लगेच सर्वोच्च न्यायालयात गेले. २४ जुलैला तिथे असे ठरले की सुटलेल्यांनी परत तुरुंगात जायची गरज नाही, पण हा निकाल इतर खटल्यांत दाखला म्हणून वापरता येणार नाही.) मालेगावच्या खटल्यात न्यायालय म्हणाले की स्फोट झाला हे सिद्ध झाले, पण बॉम्ब त्या मोटारसायकलमध्येच होता हे सिद्ध झाले नाही. जागेचा नकाशा काढला गेला नाही, बोटांचे ठसे घेतले गेले नाहीत, आणि नमुने दूषित झालेले असल्यामुळे त्यांच्यावरच्या अहवालावर भरवसा ठेवता येत नाही.

एका निकालात याच त्रुटीमुळे आपल्याला दिलासा मिळाला, दुसऱ्यात याच त्रुटीमुळे आपल्या जखमा उघड्या राहिल्या. म्हणून आज आम्ही या लॅबविषयी लिहीत आहोत. तिथे काम कसे चालते, तिच्याकडून काय अपेक्षा ठेवावी आणि काय ठेवू नये, हे आपल्या लोकांना माहीत असायला हवे.

टीव्हीवरची लॅब आणि खरी लॅब

आमच्या वर्गातल्या मुलांना फॉरेन्सिक म्हटले की 'सीआयडी' मालिकेतले डॉ. साळुंखे आठवतात. पांढरा कोट, एक बाटली हलवली, आणि दोन मिनिटांत खुनी कोण ते कळले. खऱ्या लॅबमध्ये खुनी कोण हे कुणी शोधत नाही. तिथे फक्त एवढेच विचारले जाते: हा डाग रक्ताचा आहे का? माणसाचा आहे का? या बाटलीतल्या पोटाच्या तुकड्यात विष आहे का? ही पावडर एमडी आहे का? या प्रश्नाचे उत्तर देऊन लॅब थांबते. पुढचा अर्थ पोलिसांनी लावायचा आणि फैसला कोर्टाने करायचा.

महाराष्ट्रात या लॅबला सरकारी मराठीत 'न्यायसहायक वैज्ञानिक प्रयोगशाळा' म्हणतात. पोलीस आणि वकील मात्र आजही 'सीए' म्हणतात, म्हणजे केमिकल अॅनालायझर, रासायनिक विश्लेषक. इंग्रजांच्या काळापासून मुंबई सरकारचा रासायनिक विश्लेषक असायचा, तेच नाव तोंडात बसले आहे. 'सीए रिपोर्ट आला का?' हे वाक्य ज्यांच्या घरात केस चालू आहे त्यांनी शंभर वेळा ऐकलेले असते. मुख्य लॅब मुंबईत सांताक्रूझजवळ कलिन्याला आहे. नागपूर, पुणे, छत्रपती संभाजीनगर, नाशिक, अमरावती, नांदेड, कोल्हापूर इथे प्रादेशिक लॅब आहेत. आपली नाशिकची लॅब दिंडोरी रोडला आहे. बोटांच्या ठशांचे काम मात्र या लॅबकडे नसते, ते सीआयडीच्या अंगुली मुद्रा केंद्राकडे असते.

दिवस सुरू होतो तो मुद्देमालापासून. वेगवेगळ्या पोलीस ठाण्यांचे हवालदार पिशव्या, खोके, प्लास्टिकच्या बरण्या घेऊन आलेले असतात. खिडकीवर पहिले काम विज्ञानाचे नसते, कारकुनीचे असते. सोबतचे पत्र पाहायचे, गुन्हा नंबर पाहायचा, पाकिटावर काय लिहिले आहे आणि पत्रात काय लिहिले आहे ते जुळते का ते पाहायचे. मग लाखेचे सील पाहायचे. पत्रासोबत सीलचा नमुना आलेला असतो, त्याच्याशी पाकिटावरचे सील ताडून बघायचे. सील शाबूत आहे का, तुटले आहे का, ही नोंद अहवालात जाते. सगळे बरोबर असेल तरच केसला लॅबचा नंबर पडतो.

ही पाच-दहा मिनिटांची तपासणी वाचताना कंटाळवाणी वाटेल. पण वर सांगितलेल्या लोकल स्फोटाच्या निकालात उच्च न्यायालयाने नेमके याच साखळीवर बोट ठेवले. आत कितीही महागडे यंत्र असले तरी पाकीट मधल्या वाटेत कुणी उघडले नाही याची खात्री ते यंत्र देऊ शकत नाही.

आतले काम

आत विभाग वेगवेगळे असतात. विषशास्त्राचा विभाग, जीवशास्त्र म्हणजे रक्त-वीर्य वगैरे पाहणारा विभाग, डीएनए, दारूबंदी, हत्यारे-गोळ्या पाहणारा विभाग, आवाजाचे नमुने आणि मोबाइल-कॉम्प्युटर तपासणारा विभाग. प्रत्येक लॅबमध्ये सगळे असतेच असे नाही.

सगळ्यांत जास्त त्रासाचे काम विषशास्त्राचे. पोस्टमॉर्टेममध्ये डॉक्टरांना मृत्यूचे कारण नक्की सांगता आले नाही, तर ते जठर, आतडे, यकृत, मूत्रपिंड यांचे तुकडे आणि रक्त काढून ठेवतात. याला व्हिसेरा म्हणतात. तो मिठाच्या दाट पाण्यात ठेवलेला असतो. बरणी उघडली की वास खोलीभर पसरतो आणि कपड्यांत घरापर्यंत येतो. ते तुकडे बारीक करायचे, त्यातून रसायन वेगळे काढायचे, आधी साध्या चाचण्या, मग गॅस क्रोमॅटोग्राफसारख्या यंत्रावर लावायचे. आपल्या भागात द्राक्षाचे, कांद्याचे मळे आहेत, घरोघरी फवारणीची औषधे आहेत. त्यामुळे कीटकनाशक पोटात गेल्याच्या केसेस आपल्या जिल्ह्याला नव्या नाहीत. धान्यात ठेवायच्या गोळ्यांचे, म्हणजे सल्फासचे विष तर वायू होऊन उडून जाते, उशीर झाला की हाती लागणे कठीण.

दुसरे रोजचे काम म्हणजे दारू पिऊन गाडी चालवणाऱ्यांचे रक्त. कायद्याने १०० मिलीलीटर रक्तात ३० मिलिग्रॅमपेक्षा जास्त अल्कोहोल आढळले तर गुन्हा. काम सोपे वाटते, पण रक्त काढताना दवाखान्यात स्पिरिटचा बोळा वापरला, किंवा बाटलीत सोडियम फ्लोराइड घालायला विसरले, तर आकडाच संशयास्पद होतो. चूक दवाखान्यात होते आणि वाद लॅबच्या नावाने होतो.

तिसरे, ड्रग्ज. ऑक्टोबर २०२३ मध्ये नाशिकजवळच्या शिंदे गावात मुंबई पोलिसांनी एमडीचा कारखाना पकडला, तेव्हा सगळ्या राज्यात आपल्या शहराचे नाव झाले. पोलिसांकडे जागेवर रंग बदलणारे किट असते, पण त्यावर शिक्षा होत नाही. पांढरी पावडर खरोखर मेफेड्रोन आहे हे लॅबच्या अहवालावरच ठरते. मोहल्ल्यातल्या पोरांना नशेपासून वाचवायचे म्हणणाऱ्या आपल्या सगळ्यांना हा विभाग नीट चालायला हवा आहे.

चौथे काम, खोडलेले नंबर. धातूवर ठोकलेला नंबर घासून काढला तरी त्याच्या खालच्या धातूवर दाब पडलेला असतो. त्या जागेवर आम्ल लावले की नंबर पुन्हा दिसू लागतो, कधी पूर्ण, कधी अर्धा. मालेगावच्या केसमधली ती एलएमएल फ्रीडम मोटारसायकल आठवा. तिचा चेसिस नंबर पूर्ण मिळाला नाही, हा त्या निकालातला एक मोठा मुद्दा ठरला.

आणि या सगळ्यांच्या मागे ढीग. एका तज्ज्ञाच्या टेबलावर एकाच वेळी खून, अपघात, आत्महत्या, बलात्कार अशा कितीतरी केसेस असतात. मधेच कोर्टाचे समन्स येते. मग तो दिवस एखाद्या लांबच्या तालुक्याच्या कोर्टात साक्षीसाठी जातो आणि टेबल तसेच राहते. रिकाम्या जागांचा प्रश्न जुना आहे, न्यायालयांनीही सरकारला त्यावर विचारले आहे. आम्ही शिक्षक आहोत. एका शिक्षकावर चार वर्ग लादले की शिकवणे कसे होते ते आम्हाला ठाऊक आहे. तपासणीचेही तसेच होते, फरक एवढाच की तिथे एखाद्याची फाशी अडकलेली असते.

अहवालातली एक ओळ

हे अहवाल बहुधा इंग्रजीत येतात आणि फार थोडक्यात असतात. मोहल्ल्यातले लोक कधी कधी असे कागद वाचून घ्यायला आमच्याकडे आणतात. तेव्हा लक्षात येते की एका ओळीचा चुकीचा अर्थ लावून घरेच्या घरे भांडत बसतात.

'तपासणीत विष आढळले नाही' याचा अर्थ 'विष दिलेच नव्हते' असा नाही. माणूस दोन-तीन दिवस दवाखान्यात होता, पोट धुतले गेले, औषधे चालू होती, शरीराने विष बाहेर टाकले, तर व्हिसेऱ्यात ते न सापडणे शक्य आहे. उलट 'विष आढळले' याचा अर्थ 'कुणीतरी पाजले' असाही नाही. मुलीकडच्यांनी पहिली ओळ वाचून आस सोडू नये आणि सासरच्यांनीही ती ओळ निर्दोषपणाचा दाखला म्हणून मिरवू नये.

'रक्तगटाचा निष्कर्ष अनिर्णित' याचा अर्थ लॅबने काही लपवले असा नाही. कपडे ओले असताना प्लास्टिकच्या पिशवीत बांधले, महिनाभर ठाण्याच्या खोलीत पडले, की डाग सडतो. मग हाती काही लागत नाही.

आणखी एक गैरसमज फार आहे. 'व्हिसेरा लॅबला गेला, म्हणजे आता मय्यत मिळणार नाही, दफन लांबणार.' तसे नसते. पोस्टमॉर्टेम झाले की मय्यत घरच्यांच्या ताब्यात देतात. लॅबला जातात ते फक्त राखून ठेवलेले तुकडे. जनाजा अहवालासाठी थांबत नाही. थांबते ते मृत्यूचे अंतिम कारण, आणि त्याबरोबर विमा, नुकसानभरपाई असे कागद.

मांसाचा नमुना

आपल्या समाजाचा लॅबशी सगळ्यांत जास्त संबंध येतो तो इथे. महाराष्ट्रात २०१५ पासून गाय, बैल, वळू यांच्या कत्तलीवर बंदी आहे, म्हैसवर्गाचा त्या बंदीत समावेश नाही. म्हणजे टेम्पोतले मांस गोवंशाचे की म्हशीचे, यावर एका माणसाची रोजी, गाडी आणि जामीन अवलंबून. ६ मे २०१६ रोजी मुंबई उच्च न्यायालयाने कत्तलबंदी कायम ठेवली, पण परराज्यातून आलेले मांस जवळ ठेवण्याचा गुन्हा ठरवणारे कलम आणि निर्दोष असल्याचे आरोपीनेच सिद्ध करावे असे सांगणारे कलम, ही दोन्ही रद्द केली. त्यामुळे सिद्ध करायची जबाबदारी सरकार पक्षावर आली आणि लॅबचा अहवाल आणखी महत्त्वाचा झाला.

गाय आणि म्हैस हे जवळचे प्राणी. जुन्या रक्तद्रव्याच्या चाचणीत अशा जवळच्या प्राण्यांचा गोंधळ होऊ शकतो. डीएनएच्या चाचणीत तो होत नाही. हैदराबादच्या सीसीएमबी या संस्थेने कोणत्याही प्राण्याच्या मांसावरून प्राणी ओळखायची पद्धत वीस वर्षांपूर्वीच तयार केली आहे. म्हणून अशा केसमध्ये 'कोणती चाचणी केली' हा प्रश्न वकिलाने विचारलाच पाहिजे.

पण चाचणी चांगली असून भागत नाही. २०१५ मध्ये उत्तर प्रदेशातल्या दादरीला मोहम्मद अखलाक यांना जमावाने मारले. पहिल्या पशुवैद्यकीय अहवालात मांस बकऱ्याचे म्हटले गेले, पुढच्या वर्षी मथुरेच्या लॅबच्या अहवालात गोवंशाचे. आणि तो नमुना घरातून घेतला होता की घराबाहेरच्या चौकातून, यावरच वाद झाला. नमुना कुठून उचलला हे पंचनाम्यातच पक्के नसेल, तर लॅबचे उत्तर बरोबर असूनही ते कुणाविषयी आहे हे सांगता येत नाही.

जून २०२३ मध्ये आपल्याच जिल्ह्यात सिन्नर-घोटी रस्त्यावर मांस नेणाऱ्या कुर्ल्याच्या एका तरुणाला जमावाने ठार केले. मांस कशाचे हे लॅबला तपासावे लागते, त्याला दिवस लागतात. जमावाला ते डोळ्यांनी कळल्याचा दावा असतो. आणि हेही स्पष्ट म्हणायला हवे की अहवाल काहीही येवो, माणूस मारणे हा गुन्हाच राहतो. अहवाल मांसाचा असतो, मारण्याचा परवाना नसतो.

लॅब चुकते का?

चुकते. ११ मार्च २००४ रोजी माद्रिदला ट्रेनमध्ये स्फोट झाले. एका पिशवीवर सापडलेला ठसा अमेरिकेतल्या ब्रँडन मेफिल्ड या वकिलाचा आहे असे एफबीआयच्या तज्ज्ञांनी सांगितले. मेफिल्ड यांनी इस्लाम स्वीकारलेला होता. स्पेनचे पोलीस म्हणत होते की ठसा जुळत नाही. तरी मे महिन्यात अटक झाली. पुढे तो ठसा दुसऱ्याच माणसाचा निघाला. एफबीआयने माफी मागितली आणि २००६ मध्ये अमेरिकी सरकारने २० लाख डॉलर देऊन दावा मिटवला. नंतरच्या सरकारी चौकशीत असे आढळले की ठसा जुळवताना पहिली चूक झाली ती ठशांच्या साम्यामुळे. पण माणूस कोण आहे हे कळल्यावर, त्याचा धर्मही कळल्यावर, तज्ज्ञांनी आपल्या मताचा फेरविचार पुरेसा केला नाही.

आपल्याकडे नमुन्यासोबतच्या पत्रात गुन्ह्याची हकिकत असते, आरोपीचे नावही असू शकते. लॅब आणि पोलीस, दोन्ही गृहखात्याखाली येतात. याचा अर्थ तज्ज्ञ बेईमान आहेत असा मुळीच नाही. पण टेबलावरच्या माणसाला फक्त नंबर दिसावा, नाव दिसू नये, अशी पद्धत असणे सगळ्यांच्या फायद्याचे आहे. आम्ही शिक्षक बोर्डाचे पेपर तपासतो, तिथे उत्तरपत्रिकेवर मुलाचे नाव नसते. दहावीच्या मार्कांना जी काळजी घेतली जाते ती जन्मठेपेच्या पुराव्याला का नको? ही मागणी कुठल्या एका समाजाची नाही, सगळ्या नागरिकांची आहे.

नवा कायदा काय म्हणतो

१ जुलै २०२४ पासून भारतीय नागरिक सुरक्षा संहिता लागू आहे. तिच्या कलम १७६(३) प्रमाणे सात वर्षे किंवा त्याहून जास्त शिक्षेच्या गुन्ह्यात फॉरेन्सिक तज्ज्ञाने घटनास्थळी जाऊन पुरावा गोळा करायचा आणि त्याचे चित्रीकरण करायचे. राज्यांना हे लागू करायला पाच वर्षांपर्यंतची मुदत आहे. कलम १०५ प्रमाणे झडती आणि जप्तीचे चित्रीकरण करायचे आहे. मालेगावच्या निकालात ज्या उणिवा दिसल्या, त्यांतल्या बऱ्याचशा हा कायदा प्रामाणिकपणे अमलात आला तर भरून निघतील. पण कायद्याने काम वाढवले आणि टेबलावरची माणसे तेवढीच ठेवली, तर ढीग फक्त उंच होईल. म्हणून कायद्याचे स्वागत करताना भरतीचा प्रश्न विचारलाच पाहिजे.

आपण काय करावे

काही गोष्टी प्रत्येक घरात माहीत असाव्यात.

पहिली, पंचनामा वाचल्याशिवाय सही करू नये. काय जप्त केले, किती, कुठून, किती वाजता, किती पाकिटे केली, सील कुठले, हे त्यात असले पाहिजे. आपल्याकडे पंच व्हायला लोक घाबरतात, 'कोर्टाची कटकट नको' म्हणतात. पण भले माणूस पंच झाले नाही तर तिथे कोण उभे राहते, याचा विचार करावा.

दुसरी, अत्याचाराच्या घटनेत मुलीचे कपडे धुऊ नयेत, अंघोळ घालू नये, आधी दवाखाना. हे सांगायला लाज वाटते म्हणून आया सांगत नाहीत आणि पुरावा बादलीत वाहून जातो. ओले कपडे सावलीत वाळवून कागदी पिशवीत ठेवावेत, प्लास्टिकमध्ये नाही.

तिसरी, विषाचा संशय असेल तर बाटली, पाकीट, उलटीचे कपडे सांभाळावेत आणि डॉक्टरांना जे माहीत आहे ते खरे सांगावे. बदनामीच्या भीतीने 'पोटात दुखत होते' एवढेच सांगितले तर उपचारही चुकतो आणि तपासही.

चौथी, व्हिसेरा ठेवला असेल तर तो ठाण्यातून लॅबला कोणत्या तारखेला, कोणत्या जावक क्रमांकाने गेला ते लिहून घ्यावे. पुष्कळदा उशीर लॅबमध्ये नाही, ठाण्याच्या कपाटात झालेला असतो. तपास कुठवर आला हे ९० दिवसांच्या आत फिर्यादीला किंवा पीडिताला कळवणे आता पोलिसांवर बंधनकारक आहे. दोषारोपपत्र दाखल झाल्यावर आरोपीला, आणि वकील दिला असेल तर पीडितालाही, कागदपत्रांच्या प्रती मिळतात.

पाचवी, सरकारी तज्ज्ञाचा अहवाल कोर्टात तज्ज्ञ न बोलावताही वाचता येतो, पण संहितेच्या कलम ३२९ प्रमाणे कोर्ट त्याला बोलावू शकते. शंका असेल तर वकिलाला तसा अर्ज करायला सांगावे. सील, तारखा, चाचणी, हे तीन प्रश्न विचारले गेलेच पाहिजेत.

टेबलाच्या त्या बाजूला

शेवटची गोष्ट शिक्षक म्हणून सांगतो. या लॅबविषयी आपण तक्रार करतो, पण त्या टेबलामागे बसायला आपली किती मुले-मुली जातात? बारावी सायन्स झाली की डॉक्टर, फार्मसी, नाहीतर बीएस्सी करून बीएड, एवढेच रस्ते घरात बोलले जातात. छत्रपती संभाजीनगर, नागपूर आणि मुंबईत न्यायसहायक विज्ञानाच्या सरकारी संस्था आहेत, तिथे बारावीनंतर पदवी करता येते. रसायनशास्त्र किंवा जीवशास्त्र घेऊन एमएस्सी केलेल्यांनाही वैज्ञानिक सहायक, सहायक रासायनिक विश्लेषक अशा पदांच्या जाहिराती निघतात. कायद्याने काम वाढणार आहे, तेव्हा जागाही निघतील. जाहिरात निघाल्यावर धावपळ करण्यापेक्षा आठवी-नववीपासून विज्ञान आणि मराठी-इंग्रजी पक्के केले तर मुले टिकतील.

आणि हे क्षेत्र आपल्याला परके नाही. जगातला पहिला अंगुली मुद्रा विभाग १८९७ मध्ये कलकत्त्याला सुरू झाला. ठशांची वर्गवारी 'हेन्री पद्धत' या नावाने जगभर गेली, पण तिचे गणित बसवले ते बंगालचे एक पोलीस कर्मचारी काझी अझीझुल हक यांनी, हेमचंद्र बोस यांच्यासोबत. ठसे १०२४ खणांत लावायची रीत त्यांच्या गणितातून आली. पुढे खुद्द हेन्री यांनीही त्यांचे श्रेय मान्य केले. आमच्या उर्दू शाळेतल्या मुलांना हे नाव आम्ही सांगतो, तेव्हा त्यांना आश्चर्य वाटते.

मालेगावच्या पीडितांचे नातेवाईक आता उच्च न्यायालयात गेले आहेत. तिथे काय होते ते पुढे कळेल. पण सतरा वर्षांपूर्वी भिक्कू चौकात जो नमुना नीट उचलला गेला नाही, तो आता कोणतेही न्यायालय परत आणू शकत नाही. म्हणून नाशिकच्या लॅबमध्ये पुरेशी माणसे असावीत, चित्रीकरणाचे कलम खरोखर पाळले जावे, नमुन्यांवर नाव नसून नंबर असावा, या मागण्या घेऊन आपल्या संघटनांनी, वकिलांनी आणि लोकप्रतिनिधींनी आता बोलायला हवे. आरोपी आपला असो वा पीडित आपला असो, मागणी एकच राहिली पाहिजे. समाजातल्या जाणत्या मंडळींनी याचा जरूर विचार करावा.